मराठी कुणाला हवी आहे?



आमचं घर इंदूरचं. नातू ७ वर्षांचा, शाळेत हिंदी-इंग्रजी. त्याला मराठी वाचता यावं म्हणून फोनवर स्टोरीवीव्हर उघडून दिलं. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेलं हे मोफत ग्रंथालय. गोष्टींच्या ४ पायऱ्या, सोप्यापासून अवघडापर्यंत. देवनागरी त्याला येतेच, त्यामुळे गाडी सुरू झाली. अडली ती 'ळ'वर. 'केळं' तो 'केलं' वाचायचा. आता 'केलं' हाही शब्दच, म्हणून त्याला काही खटकेना. फोन थोडाच टोकणार? आणि टोकणारा मी शेजारच्या खोलीत, माझ्या फोनवर सत्संगाचे निरोप पुढे पाठवत बसलेलो!

मग मनात आलं, ही मराठी त्याला हवी आहे की मला? खरं सांगायचं तर मलाच. आपली ओढ मुलावर लादावी का? मला वाटतं, मागण्यात चूक नाही. स्वतः न झिजता मागणं चूक. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी पुस्तकांच्या पेट्या गावोगाव धाडल्या, पण पेटी उघडून वाचायला बसणारं माणूस गावातलंच लागायचं.

आता रात्री जेवणं झाली की एक पान तो वाचतो, एक मी. काल 'काळोख' शब्द आला. त्यानं 'ळ' नीट म्हटला, मग विचारलं, "आजोबा, काळोख म्हणजे अंधेरा ना?"

"हो रे."

"मग लाइट बंद करा. फोनमध्ये उजेड आहे, तुम्ही फक्त जवळ बसा."