डब्यावरचं मुंडकं

आमच्या नेर भागात शेतीतल्या विषाला कोणी विष म्हणत नाही. औषध म्हणतात. पऱ्हाटीवर औषध मारायचं, तुरीवर औषध मारायचं, औषधाचा डबा, औषधाचं दुकान. आणि एखाद्यानं तोच डबा तोंडाला लावला, तरी शब्द बदलत नाही. ‘त्यानं औषध घेतलं’ एवढंच पारावर सांगतात आणि ऐकणारा पुढचं विचारत नाही. पूर्वी एंड्रिन हे एकच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. मग नावं वाढत गेली, पण जातीचं नाव औषधच राहिलं. डब्यावर मात्र कवटी छापलेली आणि फुलीसारखी दोन हाडं. म्हणजे चित्र एक सांगतं आणि जीभ दुसरंच सांगते. यातलं खरं कोण बोलतं, आणि ते ऐकण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं घर करून आहे.

आमच्याकडे त्या चित्राला मुंडकं म्हणतात. विजेच्या खांबावर ‘धोका’ लिहिलेल्या पत्र्यावर तेच मुंडकं, डब्यावरही तेच. लहानपणी मला त्याची भीती कधी वाटली नाही. ते हसतं असंच वाटायचं. भीती वाटली ती शाळेच्या सहलीत, वेरूळला. तिथं एकविसाव्या क्रमांकाचं लेणं आहे, रामेश्वर म्हणतात त्याला. सहाव्या शतकाच्या सुमाराचं. सप्तमातृका ओळीनं बसलेल्या, सोबत गणपती, आणि त्यांच्या शेजारच्या भिंतीवर काळ आणि काली. दोघंही सांगाडे. पण शाळेतल्या कपाटात टांगलेला असतो तसा कोरडा, पांढरा सांगाडा नव्हे. हाडांवर कातडी तशीच आहे, फक्त मधलं मांस गेलेलं. पोट पाठीला चिकटलेलं, बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी. आमच्याकडे अशा माणसाला पाप्याचं पितर म्हणतात. त्या कारागिरानं ती हाडं कुठं पाहिली असतील? माझा आपला अंदाज असा, की मसणात नाही, दुष्काळात पाहिली असतील. मेलेल्या माणसाची हाडं अशी दिसत नाहीत. उपाशी पण जित्या माणसाची दिसतात. उन्हाळ्याच्या शेवटी चारा संपल्यावर उभ्या बैलाची दिसतात.

चामुंडेच्या मूर्तीही अशाच. खोल गेलेलं पोट, गळ्यात मुंडमाळा, खाली प्रेत, आणि पुष्कळ ठिकाणी त्या खपाटीच्या पोटावर एक विंचू कोरलेला. भुकेची नांगी दाखवायला याहून नेमकी जागा कोणती असणार? शंकराच्या गणांतला भृंगी तर असा वाळलेला, की उभं राहायला त्याला तिसरा पाय द्यावा लागला. त्यानं फक्त शंकराला प्रदक्षिणा घातली, पार्वतीला वगळलं, म्हणून तिनं त्याचं रक्तमांस काढून घेतलं, अशी गोष्ट आहे. आईला वगळलं की अंगावर नुसती हाडं उरतात, हे आमच्या मायला समजावून सांगावं लागलं नाही. मी सहलीहून येऊन गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, “बरोबरच केलं तिनं.”

तिकडे युरोपात हाडांची रीत वेगळी. हान्स होल्बाइन नावाच्या चित्रकाराची लाकडी ठशांची एक चित्रमाला १५३८ साली फ्रान्सच्या ल्यों शहरात छापून निघाली. प्रत्येक चित्रात मरण सांगाड्याच्या रूपानं कोणाला तरी न्यायला आलेलं. पोप आहे, सम्राट आहे, व्यापारी आहे, तान्हं मूल आहे. आणि एक म्हातारा नांगऱ्या आहे. तो नांगराचा रुमणा धरून वाकलेला, पुढं घोडे, आणि घोड्यांच्या बाजूनं एक सांगाडा चाबूक उगारून धावतो आहे. मागं देवळाच्या शिखराशी सूर्य बुडतो आहे. पुस्तकात हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते भयंकर वाटलंच नाही. तास संपत आला आहे, गडी थकला आहे, आणि कोणीतरी मदतीला धावून जनावरं हाकतं आहे, असंच वाटलं. बाकी सगळ्यांना मरण ओढून नेतं, याच्या मात्र कामाला हात लावतं.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे. जुन्या चित्रांतली हाडं कोणाला सोडत नाहीत. पोपासाठीही तोच सांगाडा, नांगऱ्यासाठीही तोच. वेरूळचा काळ राजा आला म्हणून बाजूला सरत नाही. त्यात धमकी असेल, पण सारखेपणाही आहे.

डब्यावरचं मुंडकं निघालं याच घराण्यातून, पण त्याचा धंदा बदलला. आधी युरोपातल्या थडग्यांवर, मग चाच्यांच्या झेंड्यावर, आणि एकोणिसाव्या शतकात ते विषाच्या बाटलीवर येऊन बसलं. आपल्याकडे १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी त्याची जागा पक्की केली. डब्यावरच्या चिठ्ठीवर एक चौकोन, कोनावर उभा केलेला, शंकरपाळ्यासारखा. त्याचे दोन भाग. खालच्या भागात रंग: सगळ्यांत जहाल त्याला लाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वरच्या भागात इशारा. यात एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही खरं तर. मुंडकं फक्त लाल रंगावर असतं. पिवळ्यावर नुसतं ‘विष’ लिहायचं, चित्र नाही. म्हणजे ज्याला अक्षर येत नाही, त्याच्यासाठी मरण लाल डब्याबरोबर संपलं. शिवाय हे रंग ठरतात ते प्रयोगशाळेतल्या जनावरांना किती मात्रा दिली तर निम्मी मरतात त्यावरून. भादव्याच्या उकाड्यात दिवसभर पंप पाठीवर घेऊन ओल्या कपड्यांनी फिरणारा माणूस त्या हिशोबात कुठं बसतो?

अमेरिकेत पिट्सबर्गला मुलांच्या दवाखान्यातल्या लोकांना १९७१ च्याच सुमारास ध्यानात आलं, की कवटी पाहून लेकरं घाबरत नाहीत. चाच्यांच्या गोष्टी ऐकून ती खूश होतात. मग त्यांनी हिरव्या रंगाचं, जीभ बाहेर काढलेलं, ओकारी आल्यासारखं तोंड काढलं आणि ते विषाच्या बाटल्यांना चिकटवायला दिलं. हे वाचून मला आमचं बुजगावणं आठवलं. दोन काड्या फुलीसारख्या बांधायच्या, फाटका सदरा घालायचा, वर पालथं मडकं आणि चुन्यानं डोळे-दात. तेही एक मुंडकं आणि दोन हाडंच की. चार दिवस पाखरं बिचकतात. पाचव्या दिवशी कावळा त्याच्याच डोक्यावर बसून ज्वारीकडे पाहतो.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात जे झालं ते सगळ्या देशानं वाचलं. त्या साली पऱ्हाटी डोक्याला लागेल एवढी वाढली होती. माणूस तिच्यात शिरून फवारायचा आणि फवारा तोंडावरच यायचा. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात शेकडो लोक भरती झाले. कोणाला दिसेना, कोणाला श्वास घेता येईना. वीसहून जास्त माणसं दगावली. शेतकरी होते, शेतमजूरही होते. मग चौकशी बसली, आणि गावोगाव एकच वाक्य फिरू लागलं: हातमोजे नव्हते, तोंडाला फडकं नव्हतं, डब्यावर तर सगळं लिहिलेलं असतं.

या वाक्याशी माझं भांडण आहे. ते खोटं नाही, म्हणूनच भांडण आहे. डब्यावर सगळं लिहिलेलं असतं. आतल्या घडीच्या कागदावर तर कितीतरी भाषांत, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. आणि विकत घेणारा सज्ञान आहे, त्याला सांगितलं की आपलं काम झालं, हा युक्तिवादही अगदीच टाकाऊ नाही. सांगायचंच नाही त्यापेक्षा सांगितलेलं बरं. पण सांगितलं म्हणजे सुटलो का? मराठीत कवटीला खापरही म्हणत आले आहेत, आणि दुसऱ्यावर दोष टाकण्याला आपण खापर फोडणं म्हणतो. डब्यावरचं मुंडकं मला त्या अर्थाचं खापर वाटतं. होल्बाइनचा सांगाडा सगळ्यांच्या मागं लागतो. हा सांगाडा बनवणाऱ्याच्या मागं लागत नाही, विकणाऱ्याच्या नाही, बहुतेक वेळा शेताच्या मालकाच्याही नाही. तो थेट शेवटच्या माणसापाशी जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, तुला सांगितलं होतं.

आणि त्या शेवटच्या माणसाला तर तो दिसतही नाही. आमच्याकडे फवारणीला येणारा एक गडी आहे, वयानं माझ्याच बरोबरीचा. त्याला मी एकदा डबा दाखवून त्या चित्राबद्दल सांगायला लागलो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “भाऊ, हे तं डब्यावर हाये. पंपावर कुठी हाये?”

खरंच आहे. डबा दुकानातून मालकाच्या घरी येतो. मालक टोपणानं माप घेऊन औषध ढोलातल्या पाण्यात ओततो. पाणी पांढरं होतं, दुधासारखं. मग ते पंपात भरलं जातं. मुंडकं बांधावर, झाडाच्या सावलीला राहतं आणि माणूस पऱ्हाटीत जातो. होल्बाइनचंच दुसरं एक चित्र आहे, १५३३ चं, दोन राजदूतांचं. त्यांच्या पायाशी एक तिरपा, लांबट डाग रंगवलेला आहे. समोरून काही कळत नाही. बाजूला, एका विशिष्ट जागी जाऊन उभं राहिलं, तर ती कवटी दिसते. चित्रातल्या त्या दोघांना ती दिसत नाहीच.

त्यानंतर मी ढोलावरच चुन्यानं मोठं मुंडकं काढलं. एवढा फायदा झाला, की त्या ढोलातलं पाणी आता कोणी प्यायला घेत नाही, बाया तांब्यासुद्धा बुडवत नाहीत. दुसऱ्या हंगामात त्या गड्याच्या नातवानं कोळशानं त्या मुंडक्याला मिशा काढल्या. मी पुसायला निघालो तर गडी म्हणाला, “राहू द्या ना भाऊ. मुंडकं हाये तं हाये. तुम्ही हिरीपाशी साबनाची एक वडी ठेवत जा, अन् दोन घंटे आधी सुट्टी देत जा.”