मनाचा भार आणि मालकाचे कर्तव्य

कारखान्यात एखाद्या कामगाराचा हात यंत्रात सापडला, तर त्याने चित्त समतोल ठेवावयास हवे होते असे कोणी म्हणत नाही. यंत्राला जाळी होती काय, पाळी किती तासांची होती, देखरेख कोणाकडे होती, हे प्रश्न प्रथम विचारले जातात. आणि अशा अपघाताचा भार मालकाने सोसावा हे तत्त्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आपल्या देशात मान्य केलेले आहे. परंतु त्याच माणसाचे मन कामाच्या ओझ्याखाली मोडले, रात्रीची झोप गेली, सकाळी कचेरीचा जिना चढताना पाय जड होऊ लागले, म्हणजे आपली भाषा एकदम पालटते. मग आपण त्याला उपदेश करतो. मनोबल वाढव, ध्यान कर, फार मनाला लावून घेऊ नकोस. हात मोडला तर दोष यंत्राच्या मांडणीत शोधावयाचा आणि मन मोडले तर मोडलेल्या माणसात, हा भेद न्याय्य आहे काय?

या भेदाच्या बाजूने सांगितले जाणारे सर्वांत बळकट कारण असे, की तेच ओझे दहा जण वाहतात आणि नऊ टिकतात; तेव्हा उणीव दहाव्यातच असली पाहिजे. पण एकाच विहिरीचे पाणी पिऊन दहांपैकी एकालाच पटकी झाली, एवढ्याने विहीर निर्दोष ठरत नाही. शिवाय जे नऊ टिकले ते कशाच्या मोलाने टिकले, हे आपण कोठे विचारतो? मनाच्या सर्व व्याधी कामातूनच उद्भवतात असे मात्र कोणी समजू नये. घरचे दुःख असते, शरीराची प्रकृती असते, आनुवंशिकताही असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या रोगवर्गीकरणात कामाने येणाऱ्या अतिशिणवट्याची नोंद रोग म्हणून केलेली नाही, व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून केली आहे: शक्ती सरणे, कामाविषयी दुरावा किंवा तुच्छता वाटणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेला व योग्य रीतीने न हाताळलेला ताण हे तिचे कारण तेथे दिले आहे. ताण साचला कोठे, हे त्या व्याख्येतच सांगितले आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच संघटनेच्या २०२२ मधील अंदाजाप्रमाणे नैराश्य व चिंता यांपायी जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. हा हिशेब मालकांना समजावा म्हणून केलेला आहे. माझ्या प्रश्नाला त्याची फारशी गरज नाही. एकच दिवस वाया गेला असता तरी प्रश्न तोच राहिला असता.

विश्रांती ही मालकाची कृपा नसून कामगाराचा अधिकार होय, हा विचार आपल्याकडे परदेशातून आयता आलेला नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याची नियमित सुटी नव्हती, अशा काळी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. लोखंड्यांनी कामगारांना सहनशीलता शिकविली नाही. त्यांनी गिरणीची वेळ बदलून घेतली. आज संगणकापुढे बसणाऱ्या पुष्कळ तरुणांचा तो रविवार खिशातील दूरध्वनीने परत हिरावून घेतला आहे, आणि तो परत मागण्याचे त्यांना भानही उरलेले नाही.

मी व्यवसायाने अनुवादक आहे. काही दिवसांपूर्वी एका मोठ्या संस्थेची, कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी काढलेली पुस्तिका मराठीत उतरविण्याचे काम माझ्याकडे आले. तिच्या पहिल्याच पानावर, फळाची आशा न धरता कर्म करावे हा गीतेचा सिद्धांत मोठ्या अक्षरांत होता, आणि चौथ्या पानावर, नेमून दिलेल्या वेळेनंतरचे काम हा निष्ठेचा भाग समजावा, अशी सूचना. दोन्ही पाने मी सारख्याच काळजीने भाषांतरित केली. परंतु त्यांचा असा शेजार पाहून मनाला जे वाटले ते येथे मांडले पाहिजे, कारण गीतेचा असा उपयोग आता ठिकठिकाणी दिसू लागला आहे.

निष्कामतेचा उपदेश कर्त्याला केलेला आहे, आणि तोही एकवचनात. तो ऐकून स्वतःच्या मनावरची फळाची पकड कर्त्याने सैल करावयाची असते. दुसऱ्याच्या कर्माचे फळ आपल्या पेटीत टाकणाऱ्याने त्याला ते वाक्य ऐकविणे ही निराळीच गोष्ट झाली. उपवासाचे पुण्य मोठे खरे. म्हणून स्वयंपाक्याने पंगतीला ताट न वाढता उपवासाचे माहात्म्य सांगावे काय? ज्या ग्रंथाचा हा आधार घेतात, त्याच्याच अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण आले आहे. पुढे काय होईल, कशाचा क्षय होईल, कोणाला पीडा होईल आणि हे करण्याचे सामर्थ्य आहे किंवा नाही, यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस. यातील ‘हिंसा’ आणि ‘पौरुष’ हे दोन शब्द भाषांतरात नेहमी घाईने उरकले जातात. हिंसा म्हणजे येथे केवळ वध नव्हे, प्राण्याला होणारी पीडा. आणि पौरुष म्हणजे मर्दुमकी नव्हे, हाती घेतलेले काम पार पाडण्याची शक्ती. तीन माणसांचे काम एकावर टाकून त्याची मुदत आधीच ठरवून मोकळे होणारा व्यवस्थापक कर्मठ वाटेल, यशस्वीही ठरेल. पण या कसोटीवर त्याचे कर्म कोणत्या वर्गात पडते हे उघड आहे. सहाव्या अध्यायात तर आहार, निद्रा, जागरण आणि कामातील खटाटोप या सर्वांचेच प्रमाण सांभाळावयास सांगितले आहे. मध्यरात्री आलेल्या पत्राला तत्काळ उत्तर द्यावयास लावणाऱ्याने ते पान आपल्या भिंतीवर लावले तर अधिक शोभेल.

यावर कोणी म्हणेल, त्याच अठराव्या अध्यायात ‘विषादी’ मनुष्यालाही तामस कर्त्यांत गणले आहे, त्याचे काय? आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. परंतु शब्द नीट पाहावा. शंकराचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ सदैव खचलेल्या स्वभावाचा असा केला आहे. पहिल्या अध्यायात रथात बसून पडलेल्या अर्जुनासाठी मात्र ‘विषीदन्’ असे वर्तमानकाळवाचक रूप आले आहे: या क्षणी खचत असलेला. एकात स्वभाव सांगितला आहे, दुसऱ्यात घडत असलेली अवस्था. आणि जे वर्षानुवर्षे खचलेले असतात तेही सगळे स्वभावाने तसे असतात असे नव्हे. पुष्कळदा तो रोग असतो. चरकाने सूत्रस्थानात रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले आहे. अशा ठिकाणी वैद्याचे काम असते. आपल्या अभिप्रायाचे नव्हे.

अर्जुनाच्या बाबतीत जे घडले तेही या प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तो नवशिका नव्हता, भित्राही नव्हता. युद्ध हेच त्याचे आयुष्याचे काम. त्याचे तोंड कोरडे पडले, अंगाला कंप सुटला, धनुष्य हातातून निसटले, उभे राहवेना. त्याचे सर्व बोलणे संपेपर्यंत श्रीकृष्ण एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी त्यांनी कठोर शब्दांत त्याची कानउघाडणी केली, दोन श्लोक. आणि तिचा परिणाम काय झाला? अर्जुनाने पुन्हा आपली व्यथा सांगितली, मी लढणार नाही म्हणाला आणि गप्प बसला. खरे विवेचन त्यानंतर सुरू होते. आमच्या कचेऱ्यांतून बहुधा त्या दोन श्लोकांपाशीच काम संपते.

दुपारच्या सुटीत एक तास आसने शिकविण्याने मालकाचे कर्तव्य पुरे होत नाही. त्याने कोणाचे वाईट होत नाही हे खरे, पण २०२२ च्या आपल्या मार्गदर्शनात जागतिक आरोग्य संघटनेनेही कर्मचाऱ्याला शिकविण्याबरोबर कामाची मांडणी सुधारणे आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणे या गोष्टी सांगितल्या आहेत. आपल्या देशात २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मानसिक आजाराच्या उपचारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची सोय असावी, आणि रुग्णाची माहिती गुप्त राहावी, हे त्यात अधिकार म्हणून सांगितले आहे. १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य मिळते. हे सर्व असूनही कचेरीतील माणूस बोलत नाही, कारण आज जे वरिष्ठाला सांगावे ते उद्या बढतीच्या कागदावर उमटेल अशी त्याला भीती असते, आणि ती नेहमीच निराधार असते असे म्हणता येत नाही. म्हणून ज्याच्या हाताखाली चार माणसे आहेत त्याने प्रथम एवढे तरी करावे, की हाताखालचा माणूस बोलू लागला म्हणजे त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे, लेखणी बाजूला ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मेजावरील कामांपैकी एखादे काम खरोखर उचलून न्यावे.