अंशाची सुधारणा

ज्यांचें नांव त्यांच्या कर्माशीं विसंगत आहे अशीं यंत्रें जगांत थोडीं नाहींत. परंतु ध्वनि ऐकण्याच्या साधनांपैकीं ज्यास ‘ग्राफिक इक्वलायझर’ म्हणतात त्याचें नांव विशेष विचार करण्याजोगें आहे. इक्वलायझर म्हणजे सम करणारा. दूरध्वनीच्या लांब तारांतून आवाज जातांना त्यांतील उंच स्वर अधिक क्षीण होत, खालचे त्या मानानें कमी. ही तूट भरून काढून सर्व स्वर पुन्हां एका पातळीस आणणें, एवढ्याच कामासाठीं हा शब्द प्रथम रूढ झाला. आज तेंच साधन घरोघरच्या संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर येऊन बसलें आहे. आणि सम करण्याकरितां त्याचा उपयोग करणारा मनुष्य क्वचितच आढळतो. जो तो आपल्या आवडीप्रमाणें कांहीं खुंट्या वर ओढतो, कांहीं खालीं ढकलतो, आणि त्या वांकड्यातिकड्या रेषेस समीकरण असें भारदस्त नांव देतो.

यंत्राची रचना साधी आहे. मनुष्याच्या कानास दर सेकंदास सुमारें २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकूं येतो. हा सर्व प्रदेश पट्ट्यांत विभागलेला असतो. घरगुती यंत्रांत बहुधा १० पट्टे, म्हणजे दर सप्तकास एक. सभागृहांतील यंत्रांत ३१, म्हणजे दर सप्तकास तीन. प्रत्येक पट्ट्यास एक खुंटी असते; ती वर सरकविली कीं तो पट्टा वाढतो, खालीं आणली कीं घटतो. मर्यादा सामान्यतः दोन्ही बाजूंस १२ डेसिबल. यंत्र डिजिटल असल्यास त्यांत अनेकदां आणखी एक सोय आढळते: हव्या तेवढ्या खुंट्या निवडून त्या एकदमच वर अथवा खालीं नेतां येतात. प्रथमदर्शनीं ही सोय केवळ हाताचे श्रम वांचविणारी वाटते. आम्हांस मात्र तींत एका जुन्या नैतिक प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ दिसतो.

तो प्रश्न असा: समग्रास धक्का न लावतां त्याच्या एका अंशाची सुधारणा होऊं शकते काय? अभ्यासक्रमांतील एक विषय, कायद्यांतील एक कलम, मुलाच्या स्वभावांतील एक खोड, एवढेंच काय तें बदलावें व बाकीचें जसेंच्या तसें राहावें, अशी आपणां सर्वांची अपेक्षा असते. इक्वलायझरचा दर्शनी भाग ह्या अपेक्षेस खतपाणीच घालतो. एकतीस खुंट्या एकमेकींपासून सुट्या उभ्या. जणूं एकतीस स्वतंत्र संस्थानें. पण हें दृश्य फसवें आहे. एका खुंटीचा अंमल तिच्या पट्ट्यापुरता कधींच राहत नाहीं. तो घंटेच्या आकाराचा असतो. मध्यें अधिक व दोन्ही अंगांस उतरता. १००० कंपनांची खुंटी वर नेली कीं ८०० व १२५० ह्यांच्या प्रदेशांतही कांहीं भर पडतेच. तिन्ही शेजारणी सहा-सहा डेसिबलनें उचलल्या तर मधल्या जागीं वाढ सहांहून अधिक भरते, कारण दोन्ही बाजूंचें देणें तिच्या पदरांत पडतें. खुंट्या जें चित्र डोळ्यांस दाखवितात तें कानास मिळतेंच असें नाहीं.

हा झाला यंत्राचा स्वभाव. नादाचा स्वभाव त्याहूनही अधिक गुंतलेला आहे, आणि आमच्या वाचकांस तो तंबोऱ्यावरून जितका स्पष्ट होईल तितका कोणत्याही आलेखावरून होणार नाहीं. पुरुष गायकानें पांढरी एक पट्टी धरली तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचीं दर सेकंदास सुमारें ६५ कंपनें होतात. परंतु ती तार केवळ ६५ म्हणत नाहीं. तिच्यांतून १३१ चा षड्ज, १९६ चा पंचम, २६२ चा पुन्हां षड्ज, ३२७ चा गांधार, ३९२ चा पंचम असे स्वर एकाच वेळीं निघत असतात. आणि जवारी नीट लागली असेल तर, कोणतीही तार गांधाराची नसतांना, तो गांधार आपोआप ऐकूं येतो. घोडीच्या रुंद पाठीमुळें व तिच्यावरील सुताच्या धाग्यामुळें हें कसें घडतें ह्याचा विचार चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालच्या आपल्या निबंधांत केला होता. (तबल्याच्या शाईमुळें कातड्याचे अनेक कंप सुरेल नात्यांत कसे येतात हेंही त्यांनींच दाखविलें. प्रकाशावरील शोधामुळें त्यांच्या ह्या कामाकडे आपलें दुर्लक्ष झालें आहे, हें आम्हांस ठीक वाटत नाहीं.) आतां एकतीस पट्ट्यांच्या यंत्रावरील आंकडे पाहा: ६३, १२५, २००, २५०, ३१५, ४००. म्हणजे ही एकच तार सहा खुंट्यांच्या सत्तेखालीं एकदम उभी आहे! खोली घुमते म्हणून कोणी ३१५ ची खुंटी तळापर्यंत ओढली, तर तंबोऱ्यांतील गांधार मावळेल. एवढ्यावर थांबेल असेंही नाहीं. गायक स्वतः मध्य सप्तकांतील गांधारावर येतांच त्याचा तेवढा स्वर बसल्यासारखा होईल, आणि ऐकणारा म्हणेल, ‘बुवांचा गांधार आज लागला नाहीं.’ दोष खुंटीचा, बोल गायकाला.

अशा वेळीं जाणता मनुष्य काय करतो? तो २०० पासून ५०० पर्यंतच्या खुंट्या एकत्र धरतो. मधली तीन डेसिबल, तिच्या शेजारच्या दोन, कडेच्या एक, अशा उताराची घडी बसवितो, आणि मग तो सबंध गट थोडा थोडा हलवून कान देतो. कोणत्याही एका स्वरावर अन्याय होत नाहीं. सगळेच थोडें थोडें सोसतात. एकाचाच गळा दाबण्यापेक्षां हें बरें, असें आमचें मत आहे. मात्र हा नियम सर्वत्र लागू करणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. सभागृहांत ध्वनिक्षेपक शिट्टी घालूं लागतो तेव्हां दोष खरोखरच एका अरुंद जागेंत असतो. तेथें ती एकच खुंटी शोधून खालीं आणावी. शेजारणींस शिक्षा करण्याचें कारण नाहीं. दोष एकटा आहे कीं नात्याचा आहे, हें ओळखणें हीच तेथील खरी विद्या.

गट एकदम हलविण्यांत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. डेसिबल हें माप बेरजेचें दिसतें, पण तें गुणाकाराचें आहे. तीन डेसिबल वाढ म्हणजे शक्ति सुमारें दुप्पट. बारा म्हणजे सुमारें सोळापट. गटांतील प्रत्येक खुंटी तीनच डेसिबल वर गेली तरी प्रत्येकीस सारखी रक्कम मिळत नाहीं; ज्याच्या त्याच्या जवळ होतें त्याची दुप्पट मिळते. अॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या पांचव्या पुस्तकांत वांटणीचा न्याय हा भूमितीच्या प्रमाणाचा असतो असें म्हटलें आहे. सर्वांस एकसारखें देणें नव्हे, तर योग्यतेशीं प्रमाण राखून देणें. इक्वलायझरचा गट हें त्या प्रमाणाचें चालतें बोलतें उदाहरण होय. पण उदाहरण तितक्यावर सोडून देणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. प्रमाण राखणें म्हणजे आधींची विषमताही राखणें. गटांत खरखर असेल तर तीही दुप्पट होते. म्हणून आधीं एकेका खुंटीचें परस्परांशीं नातें कानानें ठरवावें लागतें, आणि नंतरच त्यांची मोट बांधावी लागते. हा क्रम उलटा करणारे लोक जुनी घडी तशीच मोठी करून दाखवितात व तिला सुधारणा म्हणतात.

शिवाय वर छत आहे. डिजिटल ध्वनि म्हणजे अखेर अंकांची मालिका, आणि यंत्रांतून बाहेर पडतांना त्या अंकांस ठरलेली कमाल मर्यादा असते. सर्व खुंट्या माथ्यास नेल्या तर स्वरांचें परस्पर नातें होतें तेंच राहतें, मात्र लाटांचे माथे त्या छतावर आपटून छाटले जातात व गाणें चिरकूं लागतें. गटांतील एक खुंटी माथ्यास टेंकल्यावर कांहीं यंत्रें सबंध गट तेथेंच थांबवितात. कांहीं यंत्रें इतरांस चालूं देतात, आणि मग बसविलेला उतार चपटा होऊन जातो. आम्ही पहिल्या प्रकारच्या यंत्राच्या बाजूचे आहों. वस्तुतः जाणत्यांची रीत वाढविण्याची नसतेच. जें हवें तें वर न नेतां, जें अधिक झालें आहे तें ते खालीं आणतात.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो घेणारे लोक हलक्या योग्यतेचे नाहींत. त्यांचें म्हणणें असें कीं, कलावंतानें व ध्वनिमुद्रकानें जें दिलें तें तसेंच ऐकावें; सर्व खुंट्या शून्यावर ठेवणें हेंच सत्य, बाकी सर्व लुडबुड. ह्या भूमिकेंतील आदर आम्हांस मान्य आहे, पण तिच्यांतील सत्याची कल्पना भोळी आहे. १९५४ पासून सर्वत्र मान्य झालेल्या रीतीप्रमाणें तबकडी कापतांनाच खालचे स्वर मुद्दाम कमी व वरचे मुद्दाम अधिक केले जात, आणि वाजवितांना उलट करून तें सरळ केलें जाई. म्हणजे तबकडीवर जें कोरलेलें होतें तें सरळ नव्हतेंच. कानही सरळ नाहीं. फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं आवाज हळू केला म्हणजे खालचे स्वर कानास इतरांहून पुष्कळच अधिक क्षीण वाटतात. रात्रीं शेजाऱ्यांची झोप मोडूं नये म्हणून आवाज कमी करून, त्याच वेळीं खर्जाच्या तीन-चार खुंट्या मिळून थोड्या वर नेणारा मनुष्य कलावंतास अधिक निष्ठ आहे, शून्यावर हटून बसणारा नव्हे. मात्र जें मुळांतच नाहीं तें कोणत्याही खुंटीनें येत नाहीं. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित झालें तें कर्ण्यांतून. विजेचें मुद्रण १९२५ च्या सुमारास आलें. कर्ण्यास सुमारें २५० पासून २५०० कंपनांपर्यंतचाच प्रदेश बरा पकडतां येई. अशा तबकडीच्या वरच्या खुंट्या कितीही ओढा, वर येते ती सुईची खरखर.

आतांपर्यंत एका कानाची गोष्ट झाली. घरांत कान अनेक असतात, आणि खरी अडचण तेथें आहे. वय वाढतें तसे वरचे स्वर प्रथम हरपतात. स, श, फ ह्यांसारखीं व्यंजनें अंधुक होतात, आणि वडील माणसें ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहींत’ अशी तक्रार करतात. ती तक्रार अगदीं यथार्थ असते. पन्नाशी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांस ती समजूं लागली आहे. आजोबा बातम्या ऐकण्याकरितां ४००० च्या पुढील सर्व खुंट्या वर नेतात. नातू कानांवर हात ठेवतो. सून मधल्यामध्यें दोघांच्या तोंडाकडे पाहते. खोली एक, रेषा एक, कान तीन पिढ्यांचे. एकाची तूट सर्वांच्या कानांतून भरून काढणें न्याय्य आहे काय? आमच्या मतें ती तूट जेथें आहे तेथेंच, म्हणजे कानांत भरावी. श्रवणयंत्र तेंच करतें. २५० पासून ८००० कंपनांपर्यंत कानाची परीक्षा घेऊन, जेथें जेवढें उणें तेथें तेवढें, अनेक पट्टे मिळून, तें वाढवितें. चष्म्याची लाज न बाळगणारीं माणसें ह्या यंत्राची लाज कां बाळगतात हें समजणें कठीण आहे.

पण बाळगतात खरीं; आणि त्यांनीं तें लावीपर्यंत शब्द न कळतां बसून राहावें असें म्हणण्याचा अधिकार नातवास नाहीं. खोलीनें कमी ऐकणाऱ्याकडे थोडें झुकावें. तें झुकणें वरच्या खुंट्या चढवून न करतां खालच्या उतरवून करावें: दहा पट्ट्यांच्या यंत्रावर ३१, ६३, १२५ व २५० ह्या चार एकत्र धरून चार-पांच डेसिबल खालीं आणाव्या. खर्जाचा घुमारा व्यंजनांस झांकून टाकतो. तो उतरला कीं शब्द पुष्कळसे मोकळे होतात, आणि कोणाचेही कान टोचत नाहींत. नातवाची तक्रार राहील ती ढोल पडला एवढीच. बातम्या संपल्यावर त्या चारही खुंट्या एका बोटानें पुन्हां वर नेण्यास त्याला कोणी अडवीत नाहीं.