टेकू कुणाचा, ओझं कुणाचं

टेकूबद्दलची पहिली गोष्ट अशी, की तो गरज पडण्याआधी द्यावा लागतो. वाकलेली फांदी नंतर सरळ करायला जाल तर ती बेचक्यातून चिरते. दुसरी गोष्ट याच्या बरोबर उलट. टेकू फार लवकर दिला, घट्ट दिला, तर खोड कच्चं राहतं. या दोन गोष्टींमधली वेळ कशी साधायची, हे मी गेले दोन उन्हाळे गांजाच्या झाडांवर शिकतोय. आणि ते शिकता शिकता एक प्रश्न डोक्यात अडकून बसलाय. आपण एखाद्याला आधार देतो, तेव्हा त्याच्यावर उपकार करत असतो, की आपलंच काही देणं फेडत असतो?

गांजा हा शब्द वाचून दचकला असाल, तर आधी जागा सांगतो. मी कॅनडात, ऑन्टॅरिओ प्रांतातल्या हॅमिल्टन शहरात राहतो. १७ ऑक्टोबर २०१८ पासून या देशात गांजा कायदेशीर आहे आणि ऑन्टॅरिओत एका घरात चार झाडं लावता येतात. भारतात हेच झाड लावणं १९८५च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे, त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मी ज्या घराच्या तळघरात भाड्याने राहतो, त्याचे मालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत. परसात चार मोठ्या कुंड्यांमध्ये चार झाडं, ही त्यांची हौस. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून वाकायची, उचलायची, बांधायची कामं माझ्याकडे आली. मी स्वतः ओढत नाही. पण माझं आजोळ संगमनेरकडचं, टोमॅटोच्या पट्ट्यातलं. बांबू, तार आणि सुतळी या हातांना लहानपणापासून माहीत आहेत.

जमिनीतलं झाड मुळं लांबवर पसरवून पकड घेतं. कुंडीतल्या झाडाची मुळं भिंतीला अडून गोल गोल फिरतात. झाड सहा-सात फुटांचं आणि कुंडी गुडघ्याएवढी. माती ओली असते तोवर कुंडीला वजन असतं. उन्हाने ती सुकली, हलकी झाली आणि तेवढ्यात तलावावरून वाऱ्याचा झोत आला, की झाड कुंडीसकट आडवं. नवखा माणूस कुंडीतल्याच मातीत काठी खोचतो. त्याने फांदी सावरते, पण कुंडी कलंडली की काठीही तिच्यासोबत जाते. म्हणून मोठ्या झाडाचा आधार कुंडीच्या बाहेर हवा. कुंडीभोवती जमिनीत ठोकलेले तीन-चार बांबू, त्यांना आडव्या दोऱ्या, जमलं तर कुंपणाला ताणलेली जाळी. दोरीची गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, एक वेढा बांबूला, एक फांदीला आणि मध्ये पीळ. फांदीकडचा वेढा बोट सहज जाईल इतका सैल ठेवायचा, कारण फांदी जाड होत जाते आणि दोरी आहे तेवढीच राहते.

आता वाऱ्याबद्दल. थॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज फळबागतज्ज्ञाने १८०३ साली सफरचंदाच्या रोपांवरचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही रोपं त्याने हलू नयेत अशी बांधली, काही मोकळी सोडली. मोकळ्या रोपांची खोडं जास्त भरली. एक रोप त्याने असं जखडलं, की ते फक्त उत्तर-दक्षिण डोलू शकेल. त्याचं खोड त्याच दिशेने जास्त जाड झालं. पुढे १९७३मध्ये एम. जे. जॅफ या अमेरिकी शास्त्रज्ञाने या प्रकाराला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं जिभेची परीक्षा घेणारं नाव दिलं. अर्थ सोपा आहे. स्पर्शाने, हेलकाव्याने झाडाची घडण बदलते. म्हणून आमच्या परसात बांबू आधी रोवले जातात, पण गाठी उशिरा पडतात. जून-जुलैभर झाडं वाऱ्यावर खुशाल डोलतात.

इथवर वाचून तुमच्या फोनवर रोज सकाळी येणारे सुविचार आठवले असतील. संघर्ष माणसाला घडवतो, कुबड्या फेकून द्या, वगैरे. जूनमध्ये हे खरं आहे. सप्टेंबरमध्ये नाही.

ऑगस्टमध्ये दिवस लहान होऊ लागले की ही झाडं फुलावर येतात. सप्टेंबरअखेर शेंड्याशेंड्याला मनगटाएवढे जाड तुरे लागतात आणि इथला शरदातला पाऊस त्यांच्यात मुरतो. मग सकाळी उठून मी एकेक फांदी हलक्या हाताने झटकतो, कारण आत पाणी राहिलं की करडी बुरशी धरते. वर प्लास्टिकचं छप्पर असतं, बाजू मात्र उघड्या. चारही बाजूंनी झाकलं तर आत दमट कोंडतं आणि ज्यापासून वाचवायचं तीच बुरशी माजते. अशा दिवसांत बांबू काढून घेऊन झाडाला ‘आता स्वतःच्या पायावर उभं राहा’ म्हणणं हा धडा नव्हे. फांदी त्यातून काही शिकत नाही, ती तुटते.

आणि ती तुटते ते कमकुवत आहे म्हणून नाही. हिमालयाच्या पायथ्याशी रस्त्याकडेला रानटी भांग कुणाच्याही टेकूशिवाय उभी असते. आमचं झाड उभं राहू शकत नाही, कारण त्याच्या डोक्यावरचं ओझं आपण ठेवलेलं आहे. माणसाने पिढ्यान् पिढ्या जास्तीत जास्त जड तुऱ्यांची झाडं निवडली. शिवाय ही झाडं मादी असतात आणि त्यांच्यापर्यंत पराग पोचू दिला जात नाही. पराग मिळाला तर झाड बी धरण्याच्या कामाला लागतं. नाही मिळाला तर फुलांवर फुलं येत राहतात, राळ वाढते, तुरा फुगत जातो. हे तंत्र आपल्याकडे जुनं आहे. ब्रिटिश सरकारच्या १८९३-९४च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात बंगालमधल्या नौगावच्या शेतांतून नर झाडं ओळखून उपटणाऱ्या जाणकारांची नोंद आहे. त्यांना पोद्दार म्हणत. मुंबई इलाख्यातल्या अहमदनगरच्या लागवडीचीही त्यात माहिती आहे. म्हणजे माझ्या आजोळच्या जिल्ह्याची.

तर हिशोब असा. झाडाला जे हवं होतं ते आपण अडवलं. त्यातून जे ओझं तयार झालं ते आपल्या फायद्याचं. मग ते ओझं पेलवेना, तेव्हा आपण बांबू आणले आणि म्हणालो, बघा, किती जपतो आम्ही झाडाला.

हे मला नुसतं झाडांपुरतं सुचलं असतं तर मी लिहिलं नसतं. माझी मामेबहीण लातूरला आहे. मेडिकल प्रवेशाच्या परीक्षेचा हा तिचा तिसरा प्रयत्न. क्लास, हॉस्टेल, डबा, सगळं मिळून जो खर्च होतो त्यातला अर्धा मी इथून पाठवतो. मागच्या महिन्यात तिने मेसेज केला, “दादा, मी हे सोडलं तर चालेल का?” घरात लगेच दोन पक्ष पडले. मामा म्हणाले, तिचा फोन काढून घ्या, दुसऱ्या हॉस्टेलला टाका, कडक नजर हवी. धाकटे काका म्हणाले, फार लाड झाले, पैसे बंद करा, जरा बाहेरचा वारा लागू दे, मग कळेल. एकाला गाठ आवळायची होती, दुसऱ्याला काठीच उपटायची होती. दोघांच्या बोलण्यात एक वाक्य मात्र सारखं होतं, “तिच्यासाठी इतकं केलं.”

ती आठवीत असताना ‘आमची डॉक्टरीण’ म्हणून तिची ओळख करून द्यायला कुणी सुरुवात केली? तिने नाही. चित्रकला बंद, कबड्डी बंद, मैत्रिणींकडे जाणं बंद, हे कुणी ठरवलं? आम्ही सगळ्यांनी मिळून. डोक्यावर आम्ही ठेवलेलं ओझं ती आता पेलू शकत नसेल, तर तिला दिलेला आधार हा उपकार कसा? ज्याने भार घातला, टेकू देणं त्याच्याकडे लागतं. देणं फेडताना कुणी अटी घालत नाही आणि फेडल्याची आठवणही करून देत नाही.

यावर मामांची बाजू आहे आणि ती खोटी नाही. टोमॅटोचा भाव पडला की त्यांचं वर्ष जातं. सोसायटीचं कर्ज डोक्यावर असतं. घरात एक डॉक्टर झाला तर सगळेच सुटतील, असं त्यांना वाटतं. तेही त्याच कुंडीत उभे आहेत, म्हणून त्यांची काठी मुलीसोबतच कलंडते. त्यांना दोष देऊन काही होणार नाही. पण मी कुंडीच्या बाहेर आहे. माझा पगार संगमनेरच्या भावावर ठरत नाही. म्हणून मामांना मी कळवलं, की माझे पैसे ती परीक्षेला बसली तरी येतील आणि नाही बसली तरी येतील, ती पुढे जे शिकेल त्यासाठी. मामा आठवडाभर बोलले नाहीत.

झाडाची तुलना इथे संपते, आणि ती कुठे संपते हे महत्त्वाचं आहे. झाडाला विचारता येत नाही. त्याच्या सालीवर दोरीचा वळ उठलाय का, हे आपणच वाकून बघायचं. दुसरं, भर सप्टेंबरात झाडाचं ओझं उतरवता येत नाही, फार तर कापणीपर्यंत सांभाळता येतं. माणसाला विचारता येतं आणि माणसाचं ओझं मध्येच खाली ठेवता येतं. म्हणून माणसांच्या बाबतीत चांगला टेकू कसा द्यावा, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की हा भार हवाच आहे का, आणि कुणाला हवा आहे?

मामेबहिणीने अजून काही ठरवलेलं नाही. तिने मला विचारलं, “मी डॉक्टर नाही झाले तर तुझे पैसे वाया जातील ना?” मी लिहिलं, “ते तुझ्यावर लावलेले पैसे नाहीत, तुझे राहिलेले पैसे आहेत.” तिला ते बहुतेक नीट कळलं नसावं. तिने फक्त विचारलं, की गावाकडे कबड्डीची प्रॅक्टिस अजून संध्याकाळीच असते का.