नामंजूर करण्याचा अधिकार

माणसाने आपली लायकी स्वतःच ठरवावी का, हा प्रश्न खरं तर तत्त्वज्ञांनी सोडवायचा. पण एका रविवारी तो थेट आमच्या घरी, पोह्यांच्या बशीशेजारी येऊन बसला. त्याला घेऊन आला आमचा भाचा ओंकार. नुकताच बी.कॉम. झालेला. सीजीपीए दहापैकी ६.१. आमच्या वेळी याला नुसतं 'बरे आहेत मार्क' म्हणत. आता दशांश चिन्हामुळे कमी गुणही जरा शास्त्रीय वाटतात, एवढाच फरक.

"मामा, मला पुरातत्त्व शिकायचंय."

मी बशी खाली ठेवली. आमच्या घराण्यात आजवर कुणी काही उकरून काढलं असेल, तर ती जुनी भांडणं!

ओंकारने कागद पुढे केला. त्यावर तीन रकाने होते. 'हवं' या रकान्यात पुण्याचं डेक्कन कॉलेज. 'जमेल' मध्ये इग्नूचं इतिहासाचं एम.ए., घरबसल्या, कुठल्याही पदवीधराला खुलं. 'मिळेल' मध्ये एम.कॉम. आणि बरोबरची खूण तिसऱ्या रकान्यात!

"शाखा बदलायला आता आडकाठी नाही ना?" मी विचारलं.

"नाही. अनुदान आयोगाचे २०२५ चे नियम आहेत. ज्या विषयाला जायचं त्याची प्रवेश परीक्षा पास झालं, की पदवी कुठल्याही शाखेची चालते."

"मग अडलं कुठे? इरावती कर्वे बी.ए.ला तत्त्वज्ञान घेऊन पुढे समाजशास्त्राकडे गेल्या, १९३० साली बर्लिनहून मानववंशशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आल्या. कोसंबी गणिताचे प्राध्यापक, पण १९५६ चं त्यांचं इतिहासाचं पुस्तक अजून वाचतात."

"मामा, त्यांना मार्क होते."

या वाक्याला उत्तर नसतं. थोर माणसांची उदाहरणं देण्यात हीच पंचाईत आहे, ती माणसं आधीपासूनच थोर असतात.

"कॉमर्स आवडत नव्हतं म्हणून मार्क कमी पडले, असं अर्जात लिहिता येईल," ओंकार म्हणाला, "पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे मी अभ्यास केला नाही. मग दिलेलं काम ज्याने नीट केलं नाही, त्याने दुसरं मागावं कोणत्या तोंडाने?"

पोरगा भलताच प्रामाणिक निघाला. मी वडीलधाऱ्या आवाजात म्हणालो, "एम.कॉम.च बरं. मीसुद्धा एम.ए. मराठीच्या मागे लागलो होतो. बी.कॉम.ला ४८ टक्के. नाही मिळाली ॲडमिशन. काय बिघडलं?"

तेवढ्यात चहा घेऊन आलेली आमची ही म्हणाली, "नाही मिळाली कुठे? कोरा फॉर्म अजून माळ्यावरच्या ट्रंकेत आहे."

वीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आलो. विद्यापीठाने मला नाकारलं, अशी. आता माझीही तशी खात्री पटली होती. वास्तविक विद्यापीठाला माझं नावसुद्धा कळलं नव्हतं.

इथे मला माझं काउंटर आठवलं. कर्जाचा अर्ज घेऊन माणसं येतात. पगार कमी, जामीन नाही. अर्ज टिकणार नाही हे मला लांबूनच दिसतं. तरी तो घ्यावा लागतो, कागद तपासावे लागतात आणि वर पाठवावा लागतो. कारण नामंजूर करण्याचा अधिकार क्लार्कला नसतो. हा नियम मी हजारो परक्या माणसांच्या बाबतीत इमानाने पाळला. मोडला तो एकदाच, स्वतःच्या बाबतीत.

लायकी नाही असं वाटणं, याला आपण नम्रता म्हणतो. पण दुसऱ्याने द्यायचा नकार आपणच आधी देऊन मोकळं होणं ही नम्रता नव्हे. तो अधिकाराचा गैरवापर आहे. आणि भीतीपोटी केलेला असला, तर त्याची चौकशीही कधी होत नाही.

"हे बघ," मी ओंकारला म्हणालो, "६.१ हे तुझं जुन्या खात्यातलं शिल्लक आहे. लपवायचं नाही आणि त्याला कारणंही चिकटवायची नाहीत. प्रवेश परीक्षेचा अभ्यास मात्र असा कर, की नकार द्यायला त्यांना विचार करावा लागेल. तिघांकडेही अर्ज कर. पण पहिला पहिल्या रकान्यात."

अर्ज गेला आहे. निकाल काय लागेल, मला ठाऊक नाही. नाही म्हणाले तर दुसरा रकाना आहेच. परवा मात्र मी माळ्यावर चढलो होतो.

"काय शोधताय?" हिने खालून विचारलं.

"उत्खनन," मी म्हणालो.