चांदीचे नाक, सोन्याचे नाक



रहिमतपूरमधील एका पित्याने विचारले, "इमामसाहेब, मुलीच्या दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झाली, तरी बोलताना हवा नाकातून जाते. मकतबमध्ये ती सबक मोठ्याने म्हणत नाही. डॉक्टर पुन्हा शस्त्रक्रिया सांगतात. की अल्लाहची मर्जी मानून थांबावे?"

हजरत अरफजा बिन असअद (रजि.) यांचे नाक इस्लामपूर्व काळात कुलाबच्या युद्धात कापले गेले. त्यांनी चांदीचे नाक बसवले. त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. पुरुषांना सोने वर्ज्य असूनही! ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे.

म्हणजे पहिला उपाय अपुरा पडला, तर दुसरा करणे हे सब्रच्या विरुद्ध नाही. शिवलेली टाळू आखूड राहिली, तर घशातून नाकाकडे जाणारी वाट पुरती मिटत नाही. दुसरी शस्त्रक्रिया ती वाट आवरते. सोबत वाचा-उपचारही लागतात. हा अल्लाहच्या निर्मितीत फेरफार नव्हे, दोषाचे निवारण आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंत हा उपचार मोफत आहे.

हजरत मूसा (अ.) यांनीही जिभेची गाठ सुटावी म्हणून दुआ मागितली, सूरह ताहामध्ये ती आहे. आपणही दुआ मागू या आणि मुलीला दवाखान्यात नेऊ या. आमीन.