ऐकणे म्हणजे काय?

जुना करार मुळातून वाचता यावा म्हणून काही धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक उन्हाळ्यात जेरुसलेमला हिब्रू शिकायला जातात. या वर्गांना ‘उल्पान’ म्हणतात. नव्याने आलेल्या ज्यू लोकांसाठी 1949 साली ते तेथे सुरू झाले. शिक्षक हिब्रूतच बोलतात, त्यामुळे आधी कान द्यावा लागतो.

‘शमा’ म्हणजे ऐकणे. आज्ञा पाळण्यासाठीही बायबलमध्ये हाच शब्द येतो. प्रभू येशूने सर्वांत मोठी आज्ञा सांगितली तीही ‘ऐक’ या शब्दापासून (मार्क 12:29). आपणही ‘आईचे ऐक’ म्हणतो, तेव्हा नुसता आवाज ऐकायला सांगत नाही.

मग रविवारी वाचन कानांवर पडले, पण अबोला धरलेल्या भावाच्या दारी पाऊल पडले नाही, तर आपण देवाचे ऐकले का?